हिरोशिमाचे यंत्र, आउग्सबुर्गचा सांभाळ

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील आउग्सबुर्ग या प्राचीन नगराचे नाव यंत्रविद्येच्या इतिहासात रुडॉल्फ डिझेल यांच्यामुळे कायमचे नोंदले गेले आहे, कारण त्यांच्या इंजिनाची निर्णायक चाचणी १८९७ साली याच नगरातील कारखान्यात झाली. त्याच साली ट्रामगाड्यांसाठी बांधलेल्या तेथील एका आगारात आज, म्हणजे २०१७ च्या मे महिन्यापासून, दूर जपानातील हिरोशिमा येथे उगम पावलेल्या माझदा मोटारींचा संग्रह मांडलेला आहे. वाल्टर फ्राय या गृहस्थांनी आणि त्यांच्या योआखिम व मार्कुस या दोन पुत्रांनी कित्येक वर्षे जमविलेल्या शंभरांहून अधिक वाहनांपैकी सुमारे पन्नास वाहने तेथे आळीपाळीने ठेवली जातात. फ्राय हे कोणी संस्थानिक नव्हेत, की मोठे कारखानदारही नव्हेत. १९७८ पासून आउग्सबुर्गलगतच्या गर्स्टहोफेन गावी माझदा गाड्यांची विक्री आणि दुरुस्ती करणे हा त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय. आपण जो माल विकतो त्याच्या पूर्वजांविषयी विक्रेत्याच्या मनात इतकी जिज्ञासा जागावी, आणि ती जिज्ञासा एका संपूर्ण संग्रहालयाच्या रूपाने फळास यावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जुन्या मोटारींचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रोल्स-रॉइस, बेंटली अथवा मर्सिडीज येते. जपानी गाडीची गणना त्या पंक्तीत करण्यास मन सहसा धजत नाही. जपानी गाडी म्हणजे किफायतशीर, निर्धोक आणि बिनतक्रार चालणारी गाडी, हा समज जगभर दृढ झाला, आणि आपल्याकडेही तो वेगळ्या वाटेने झाला नाही. १९८३ साली सुझुकीच्या साहाय्याने मारुती रस्त्यावर आली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईच्या प्रीमियर कंपनीने जुन्या फियाटचा साचा घेऊन त्यात निसानचे इंजिन बसविले, तेव्हा ग्राहकांना हवा होता तो भरवसा. त्या इंजिनाची वंशावळ विचारण्याचे कोणास कारण नव्हते. जी वस्तू कधी त्रास देत नाही तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही, आणि जिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही ती वापर संपताच निःशंकपणे भंगारात जाते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या मिठाने तत्कालीन जपानी गाड्यांचे पत्रे खालून कुरतडून टाकले, आणि ते नवे चढविण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होऊ लागल्यावर मालकांनी तो केला नाही.

खुद्द जपानातही परिस्थिती अनुकूल नव्हती. तेथे शाकेन नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या खाजगी गाडीस ती पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिचा खर्च गाडीच्या वयाबरोबर वाढत जातो, आणि आता तर तेरा वर्षांवरील पेट्रोल गाडीवर सरकार जादा कराची आकारणीही करते. या बंदोबस्ताने रस्ते सुरक्षित झाले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जुने वाहन बाळगणे हा त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने एक महागडा छंद ठरला, आणि कित्येक सुस्थितीतील गाड्या परदेशी रवाना झाल्या. जपानच्या यंत्रेतिहासाचा एक हिस्सा म्हणूनच आज जपानबाहेर सांभाळला जातो.

फ्राय यांच्या संग्रहातील सर्वांत मानाची गाडी माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही होय, आणि तिचे महत्त्व कळावयाचे तर हिरोशिमाच्या त्या कारखान्याचा वृत्तान्त थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. १९२० साली बुचाच्या मालासाठी स्थापन झालेली तोयो कोग्यो ही कंपनी, म्हणजेच पुढची माझदा, १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या तयार करू लागली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा शहराच्या आणि कारखान्याच्या मधोमध असलेल्या हिजियामा टेकडीच्या आडोशाने कारखान्याच्या इमारती पुष्कळशा वाचल्या. उद्ध्वस्त झालेल्या प्रांतिक सरकारचे दप्तर काही काळ याच इमारतींत हलविण्यात आले होते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून पुन्हा तीनचाकी गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६० साली या कंपनीने आर ३६० नावाची, ३५६ घन सेंटिमीटर इंजिनाची आणि जेमतेम ३८० किलो वजनाची चिमुकली गाडी तीन लाख येनांना विकावयास काढली. पण त्याच सुमारास सरकारच्या उद्योगखात्याने अशी तजवीज मांडली की, परदेशी स्पर्धेस तोंड देण्यासाठी देशातील मोटार कंपन्या थोड्या मोठ्या गटांत एकत्र कराव्यात. त्या तजविजीत लहान कंपनीचे विसर्जन ठरलेले होते. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी मग आपल्या कंपनीपाशी दुसऱ्या कोणाकडेही नसेल असे काहीतरी असलेच पाहिजे, असा निश्चय केला, आणि १९६१ साली जर्मनीच्या नेकारझुल्म गावातील एनएसयू कंपनीशी रोटरी इंजिनाच्या परवान्याचा करार केला.

हे इंजिन फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघाले आणि १९५७ साली प्रथम चालले. नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली धावतो व त्या धावेचे रूपांतर फिरत्या गतीत करावे लागते. येथे किंचित फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर कमरेशी दबलेल्या लंबवर्तुळासारख्या पोकळीत फिरतो, आणि त्याच्या तिन्ही बाजूंस आळीपाळीने इंधन घेणे, दाबणे, पेटविणे व बाहेर टाकणे ही चारही कार्ये घडतात. रोटरचा एक फेरा पुरा होईतो मधला दांडा तीन फेरे घेतो. झडपा नाहीत, थरथर अत्यल्प, आकार लहान आणि सामर्थ्य मोठे. कागदावर यापरते निर्दोष यंत्र क्वचितच असेल.

दोष होता तो त्रिकोणाच्या तीन टोकांना. प्रत्येक टोकाशी बसविलेली एक पट्टी, जिला ॲपेक्स सील म्हणतात, पोकळीच्या भिंतीवर सतत घासत राहून वायूला शेजारच्या कप्प्यात शिरू देत नाही. जर्मनीहून आलेल्या रचनेप्रमाणे बांधलेल्या इंजिनांत ही पट्टी भिंतीवर थडथडत असे आणि थोड्याच तासांत आतल्या क्रोमच्या मुलाम्यावर आडव्या लाटांसारख्या खाचा पडत. हिरोशिमाचे अभियंते या खाचांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६३ साली केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरी संशोधनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि त्यातील सत्तेचाळीस तरुणांची तुलना जपानी इतिहासातील, आपल्या स्वामीसाठी प्राण वेचणाऱ्या सत्तेचाळीस निष्ठावंत सामुराईंशी केली जाई. त्यांनी नानाविध पदार्थांच्या पट्ट्या करून पाहिल्या. प्रथम पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी छिद्रे पाडून तिच्या थरथरीची लय बदलता येते, हे त्यांना दिसून आले, आणि पुढे कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी उपयोगी पडली. खुद्द एनएसयूने १९६७ साली जी रो ८० नावाची देखणी गाडी काढली तिची इंजिने याच पट्ट्यांपायी वारंवार बदलून द्यावी लागली, तो भार कंपनीस पेलवला नाही, आणि १९६९ साली ती फोक्सवागनच्या छत्राखाली विलीन झाली. जन्मदात्या घरी जे मूल जगले नाही ते दत्तक घरी वाढले, आणि आता फ्राय कुटुंबाद्वारे ते जन्मभूमीच्या शेजारच्याच प्रांतात परतले आहे.

कॉस्मो स्पोर्ट ३० मे १९६७ रोजी विक्रीस आली. तत्पूर्वी साठ नमुन्याच्या गाड्या परीक्षेसाठी विक्रेत्यांच्या ताब्यात देण्यात आल्या होत्या, इतकी त्या सैतानी नखांची धास्ती कंपनीच्या मनात होती. प्रत्येकी ४९१ घन सेंटिमीटरचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती, बसकी आणि लांबट आकृती, अंतराळयुगाला शोभेसे नाव. पुढच्याच वर्षी सामर्थ्य १२८ अश्वशक्तीवर नेऊन पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर १५० मिलिमीटरने वाढविण्यात आले. १९६८ च्या ऑगस्टात न्युर्बुर्गरिंगच्या वळणदार मार्गावर चौऱ्याऐंशी तासांची जी शर्यत झाली, तीत उतरलेल्या दोन कॉस्मोंपैकी एक चौथी आली, आणि दुसरी ब्याऐंशीव्या तासाला मागच्या आसाच्या बिघाडाने बाद झाली. इंजिनाने मात्र दोहोंतही दगा दिला नाही. हाताने बांधल्या जाणाऱ्या या गाडीची एकंदर निर्मिती बाराशेच्याही आत राहिली, आणि उत्पादन १९७२ साली थांबले.

अशा गाडीचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हे समजून घेतल्यावाचून संग्राहकाच्या कार्याची किंमत होत नाही. बाहेरचा पत्रा सडला असेल तर कुशल कारागीर तो कापून, ठोकून, नवा सांधून देऊ शकतो. ही विद्या सर्व देशांत आहे आणि युरोपीय गाड्यांच्या निमित्ताने ती पुष्कळ विकसित झालेली आहे. कठीण असते ते इंजिन, आणि चालविलेल्या इंजिनापेक्षा वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन अधिक कठीण. रोटरी इंजिन म्हणजे रोटरची पोकळी आणि तिच्या दोहों बाजूंच्या सपाट तबकड्या यांची आडवी ठेवलेली उतरंड असून लांबच लांब बोल्टांनी ती एकत्र आवळलेली असते, आणि थरांच्या मधून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे मार्ग गेलेले असतात. ते पाणी आत साकळले की रबरी रिंगा कडक होऊन फुटतात, पाणी पोकळीत झिरपते, लोखंडी रोटरला गंज चढतो, आणि पट्ट्या आपापल्या खाचांत काजळीने घट्ट बसतात. अशा इंजिनाचा दांडा जबरदस्तीने फिरविला तर कार्बनची पट्टी तुटते आणि तिचे तुकडे क्रोमच्या भिंतीला कायमची इजा करतात. म्हणून जाणता कारागीर प्रथम तेल सोडून वाट पाहतो, मग बोल्ट ठराविक क्रमाने थोडे थोडे सैल करतो, आणि प्रत्येक पट्टी कोणत्या रोटरच्या कोणत्या टोकाची होती याची टिपणी ठेवून मगच ती बाजूस काढतो. भिंतीचा मुलामा कोठे उडाला आहे का, तबकडीवर पायरी पडली आहे का, हे तो आधी बोटांनी आणि मग मोजपट्टीने तपासतो. साध्या इंजिनाचे सिलिंडर घासून मोठे करता येते. येथे पोकळीची वक्ररेषाच विशिष्ट असल्याने ती सोय नाही, आणि मुलामा उडालेली भिंत बहुधा टाकूनच द्यावी लागते. तिची जागा घेणारा भाग कोठून आणावयाचा? १९६८ पासून माझदाने फमिलिया नामक साध्या गाडीतही याच कुळातील इंजिन बसविले, म्हणून काही भाग त्या गाड्यांतून जुळविता येतात. बाकीच्यांसाठी दोन गाड्यांची एक गाडी करण्याचा क्लेशदायक निर्णय पुष्कळदा घ्यावा लागतो.

पुष्कळ मालक या खटाटोपास कंटाळून कॉस्मोत नंतरच्या काळातले, धातूच्या पातळ पट्ट्यांचे इंजिन बसवितात. ते अधिक टिकाऊ आहे व सहज मिळते, आणि गाडी रोज चालवावयाची असेल तर त्यास व्यवहारदृष्ट्या हरकत घेणे कठीण. तथापि माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. सैतानाच्या नखांवर मात करणारी ती कार्बनची पट्टी काढून टाकली की कॉस्मोतील कॉस्मोपणच निघून जाते. उरते ते एक सुंदर कवच. ज्या वस्तूत एका पिढीची बुद्धी साठलेली आहे ती वस्तू त्या बुद्धीसकट राखली पाहिजे, मग ती कमी चालली तरी चालेल.

फ्राय संग्रहाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्यात कंपनीच्या फसलेल्या प्रयोगांनाही जागा आहे. १९६९ ची लुसे रोटरी ही पुढच्या चाकांना गती देणारी देखणी कूपे हजाराच्या आतच तयार झाली. सव्वीस आसनांच्या रोटरी बसगाड्या जेमतेम चव्वेचाळीस निघाल्या. आणि रोडपेसर नामक भारदस्त गाडीचा सांगाडा ऑस्ट्रेलियाहून आणून त्यात हे हलके इंजिन बसविलेले होते, ते त्या वजनाला मुळीच पुरे पडले नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल मनसोक्त पिणारे इंजिन कोणास परवडेना, हेही या शेवटच्या दोहोंच्या अपयशाचे कारण. इतिहास लिहिणारा मनुष्य यशाबरोबर अपयशाचीही नोंद ठेवतो. यंत्रांच्या संग्राहकाने तीच शिस्त पाळली तर त्याचा संग्रह दस्तऐवजाच्या योग्यतेस चढतो.

कारखान्यांना स्वतःच्या भूतकाळाची जाग अलीकडे येऊ लागली आहे. निसानने १९९६ च्या सुमारास अमेरिकेत जुन्या २४० झेड गाड्या विकत घेऊन, नव्यासारख्या करून, सुमारे पंचवीस हजार डॉलरला विकून पाहिल्या. तो उपक्रम अल्पायुषी ठरला. २०१७ साली माझदाने हिरोशिमात १९८९ च्या रोडस्टरचा जीर्णोद्धार स्वतः हाती घेतला, त्या कार्यशाळेची तपासणी जर्मन मूळ असलेल्या ट्युव्ह ऱ्हाइनलँड संस्थेकडून करून घेतली, आणि त्या गाडीचे छप्पर, लाकडी स्टिअरिंग, इतकेच काय पण मूळ नक्षीचे टायरदेखील पुन्हा तयार करविले. टोयोटाने २०२० पासून आपल्या २००० जीटीच्या गिअरचे भाग नव्याने पाडले. मात्र हे सर्व उपक्रम मागणीच्या हिशोबावर चालतात; रोडस्टर लाखांनी खपली, तेव्हा तिच्या छपराला गिऱ्हाईक आहे. बाराशेच्या आत निर्माण झालेल्या आणि त्यांतल्याही थोड्याच उरलेल्या कॉस्मोसाठी कोणता कारखाना साचे पाडील? २०२३ च्या जून महिन्यात हिरोशिमात रोटरी इंजिनाची निर्मिती पुन्हा सुरू झाली, ती विजेच्या गाडीत वीज उत्पन्न करणाऱ्या सहाय्यक यंत्राच्या रूपाने. त्यात एकच रोटर असून तो ८३० घन सेंटिमीटरचा आहे, म्हणजे त्याचा एकही भाग १९६७ च्या इंजिनास लागू पडण्याजोगा नाही. कॉस्मोची कार्बन पट्टी ज्याला हवी असेल त्याला अजूनही लहान कार्यशाळांकडे, दुसऱ्या संग्राहकाच्या फळीवरील जुन्या साठ्याकडे, किंवा फ्राय पिता-पुत्रांसारख्या, चाळीस वर्षे सुटे भाग फेकून न देणाऱ्या एखाद्या विक्रेत्याकडेच जावे लागेल.