संक्रांतीची चिक्की चिवट होते? पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघा

संक्रांत आली की घरोघरी तिळगुळासोबत शेंगदाण्याची चिक्कीही होते. पण बऱ्याचदा ती कुरकुरीत न होता दाताला चिकटते. कारण बहुतेक वेळा एकच, पाक कच्चा राहतो.

पाव किलो शेंगदाण्याला 200 ग्रॅम चिक्कीचा गूळ पुरतो. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे आधीच निवडून फेका. बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. बाकीचे दाणे मंद आचेवर खमंग भाजून साल पाखडा.

कढईत चमचाभर तुपावर गूळ विरघळवा, सतत हलवत राहा. पाक फेसाळला की थेंबभर गार पाण्याच्या वाटीत टाका. थेंब ताणला गेला तर पाक कच्चा. कट्‌कन तुटला की गॅस बंद करा, नाहीतर करपून कडू लागेल.

लगेच दाणे मिसळा, तूप लावलेल्या पोळपाटावर पातळ लाटा आणि गरम असतानाच वड्या पाडा. उकळता पाक कातडीला चिकटून खोलवर भाजतो, म्हणून लेकरं लांबच ठेवा. चिक्की पूर्ण गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दमट हवा लागली तर ती पुन्हा चिकट होते.