‘काही तक्रार नाही’ : एका उत्तराचा अभ्यास

गावात पाहणीसाठी कोणी आले आणि ‘सरकारी दवाखान्याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे?’ असे विचारले, की बहुतेक वेळा मिळणारे उत्तर ठरलेले असते. ‘बरं चाललंय. काही तक्रार नाही.’ पाहणी करणारा ‘समाधानी’ या रकान्यात खूण करतो आणि पुढच्या घराकडे वळतो. अशा खुणांची तालुक्याला बेरीज होते, जिल्ह्याला टक्केवारी निघते आणि ती टक्केवारी धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पोहोचते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईने आलेल्या परक्या माणसाला वाटेला लावण्यासाठी उच्चारलेले तीन शब्द तोपर्यंत ‘जनमत’ झालेले असतात.

या तीन शब्दांचा अर्थ काय लावायचा, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर भाषेचा वाटतो. पण कोणत्या गावाला परिचारिका मिळणार, कोणत्या आजारासाठी पैसा ठेवला जाणार, कोणते दुखणे दुखणे म्हणून मोजले जाणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

मौनाचा आकडा

१९४४ साली, बंगालच्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची एक पाहणी झाली. तिच्यात विधुर आणि विधवा या दोघांनाही प्रकृती कशी आहे असे विचारले होते. आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती यथातथाच आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांमध्ये हेच प्रमाण होते अवघे २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या वाट्याला काय जेवण आणि किती औषधपाणी येत असे, हे ज्याला ठाऊक आहे तो या आकड्यावरून विधवा अधिक निरोगी होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण आपल्या लेखनात पुन्हा पुन्हा दिले आहे. आपल्याला काही मागण्याचा हक्क आहे असे ज्या माणसाला कधी वाटूच दिलेले नाही, तो स्वतःच्या दुखण्याकडेही दुखणे म्हणून पाहत नाही, हे त्यांनी त्यातून दाखवले.

सेन यांनीच दाखवलेली दुसरी विसंगती केरळ आणि बिहार यांची. केरळमध्ये आयुर्मान देशात सर्वांत वरच्या पातळीवर, बिहारमध्ये कितीतरी कमी. तरी ‘मी आजारी आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्ये जास्त आणि बिहारमध्ये कमी. कारण सरळ आहे. जिथे शाळा आहे, दवाखाना आहे आणि त्यात डॉक्टर आहे, तिथे माणसाला आपल्याला काय होते आहे ते कळते आणि त्यावर उपाय असतो हेही कळते. जिथे यातले काही नाही, तिथे ताप हा पावसासारखा असतो. येतो आणि जातो. पावसाची तक्रार कोणाकडे करायची?

महाराष्ट्रातला याच जातीचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यातला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने जगभरच्या आरोग्यक्षेत्राला धक्का दिला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा आजार होता. त्यांतल्या फक्त ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. उरलेल्या स्त्रिया इतकी वर्षे सरकारी कागदावर कुठे होत्या? त्या बहुधा ‘काही तक्रार नाही’ याच रकान्यात होत्या. अंगावरून जाते, कंबर धरते, हे बाईच्या जातीला असायचेच, असे त्या मानत होत्या. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन सोडले तर या बायांना आणखी काही विचारावे, असे व्यवस्थेलाही वाटले नव्हते.

नकार हेही मत

मात्र लोक नेहमी गप्पच बसतात असेही नाही. सभ्य, छापील प्रश्नांच्या भाषेत ते बोलत नाहीत, एवढेच. आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्लेगची साथ.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. सहा आठवडेही झाले नव्हते तोच, २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा त्या दिवसांत पसरली होती. सरकारने या साऱ्याकडे अडाणीपणा म्हणून पाहिले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि मार्चपासून पुण्यात गोरे सोजीर घरोघर तपासणी करू लागले. देवघरात बूट घालून शिरणे, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी, आणि संशयावरून अख्ख्या कुटुंबाची छावणीत रवानगी यांमुळे शहर धुमसत राहिले. २२ जून १८९७च्या रात्री प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

या इतिहासाचा एक पैलू मात्र सहसा मागे राहतो. लोकांचा विरोध उपचाराला किती होता आणि उपचाराच्या रीतीला किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. सोजीरांच्या वर्तनावर कडक टीका करणारे लोकमान्य टिळक त्याच वेळी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्याच्या खटपटीत होते. शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. दवाखाना नकोच, असे म्हणणारे शहर हे नव्हते. दवाखान्यात नेलेला आपला माणूस कुठे आहे, त्याला पाणी कोण देते, तो गेला तर त्याचे अंत्यसंस्कार कोण करणार, हे त्याला कळायला हवे होते. ‘मोमियाई’च्या अफवेचे भाषांतर केले तर हाच प्रश्न हाती येतो.

हे भाषांतर सरकारने उशिरा केले. मार्च १८९८मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळल्यावर सक्तीची धार कमी होत गेली. जातीजमातींनी चालवलेल्या रुग्णालयांना वाव मिळाला आणि लोकांच्या संमतीने काम करण्याकडे कल वाढला. सक्तीमुळे माणसे रुग्ण लपवतात, गाव सोडून पळतात आणि साथ आणखी पसरते, हे अनुभवाने पटले होते. लोकांचे म्हणणे आधीच ऐकले असते, तर हा धडा इतका महाग पडला नसता.

विचारण्याची रीत

पुढच्या शतकात गडचिरोलीतच याच्या नेमकी उलट गोष्ट घडली. बंग दांपत्याने १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. परिसरातले आदिवासी दवाखान्यात यायला नाखूश होते, तेव्हा त्यांना नुसतेच ‘समाधानी आहात का’ असे विचारले गेले नाही. भीती कशाची वाटते, असे विचारले गेले. उत्तरे अगदी ठोस होती. मोठी इमारत बुजवते. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहिले की धडकी भरते, कारण पांढरे कापड मेलेल्या माणसावर घालतात. रुग्णाजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. आणि जिथे देव नाही तिथे माणूस बरा कसा होणार?

शोधग्राममधला दवाखाना या उत्तरांच्या आधारे उभा राहिला. आदिवासी वस्तीसारख्या कुटीवजा खोल्या, नातेवाइकांना राहण्याची सोय, आवारात दंतेश्वरी देवीचे स्थान आणि दवाखान्याला तिचेच नाव. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे वैद्यकीय ज्ञान लागले नाही. लागले ते लोकांचे मत, आणि त्या मतानुसार नकाशा बदलण्याची तयारी.

याच जोडप्याने आणखी एक कबुली दिली आहे आणि ती अधिक मोलाची आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी या भागातल्या सिकलसेल आजारावर संशोधन केले. संशोधन म्हणून ते महत्त्वाचे होते. पण लोकांनी ती आपली पहिली गरज मानली नव्हती, आणि त्या वेळी लोकांच्या हाती देण्यासारखा इलाजही नव्हता. आपण लोकांवर संशोधन केले, लोकांसोबत केले नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. चांगल्या हेतूचा अभ्यासकही स्वतःचा प्रश्न लोकांच्या तोंडी घालू शकतो, हे त्यातून शिकायचे.

मांडवाखालचा हिशेब

एका संस्थेला जे जमते ते साऱ्या सरकारी यंत्रणेला जमेल का? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात या दिशेने एक प्रयत्न झाला. ‘लोकाधारित देखरेख’ या नावाने २००७ साली महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत तो सुरू झाला. राज्य पातळीवर समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होते.

त्याची पद्धत साधी होती. गावाने एकत्र बसून आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे. नर्सबाई पाड्यावर येते का? लसीकरण वेळेवर होते का? केंद्रात औषध मिळते की बाहेरची चिठ्ठी मिळते? इंजेक्शनला वेगळे पैसे पडतात का? जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये बाळंतिणीच्या हातात पडले का? सेवा चांगली, बरी की वाईट, त्यानुसार हिरवा, पिवळा वा लाल रंग द्यायचा. मग जनसुनवाई भरवायची. मांडव घालायचा, एका बाजूला गावकरी, समोर डॉक्टर आणि अधिकारी, मध्ये काही तटस्थ मंडळी. लोकांनी अनुभव सांगायचे आणि अधिकाऱ्यांनी तिथेच, सगळ्यांसमक्ष उत्तर द्यायचे.

इथे ‘काही तक्रार नाही’चे काय झाले? ते मागे पडले, कारण विचारण्याची रीत तीन ठिकाणी बदलली होती. पहिले, ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न गेला आणि ‘काय मिळायला हवे होते, काय मिळाले’ हा आला. आपल्याला ७०० रुपये मिळायचे आहेत हेच ठाऊक नसलेली बाई ते मिळाले नाहीत म्हणून नाराज होत नाही. माहिती मिळाली की तिचे मत तयार होते. दुसरे, माणूस एकटा राहिला नाही. परक्याला एकट्याने दिलेले उत्तर आणि चारचौघींच्या सोबतीने दिलेले उत्तर यांत फरक असतो. तिसरे, समोर बसलेल्या माणसाला उत्तर देणे भाग होते. ज्याच्या हातात काही नाही त्याला खरे सांगून उपयोग काय, हा हिशेब गावातल्या कोणालाही चटकन कळतो.

या प्रक्रियेतून अनेक ठिकाणी छोट्या, पण खऱ्या दुरुस्त्या झाल्या. दवाखान्यातल्या औषधांची यादी फलकावर लागली, पैसे घेण्याला आळा बसला, बंद असलेले उपकेंद्र उघडले. तिची मर्यादाही उघड होती. रिक्त पदे किंवा औषधांचा पुरवठा यांवर तालुक्याचा अधिकारी मांडवात बसून काही करू शकत नाही. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे; हे ३,००० लोक डोंगरभर विखुरलेल्या पाड्यांत राहत असतील तर एक परिचारिका पुरी पडत नाही. अशा वेळी लोकांच्या रोषाचा धनी समोर दिसणारा कर्मचारी होतो, तोही अपुऱ्या साधनांनिशी राबत असला तरी. म्हणून लोकांचे म्हणणे ज्या पातळीवर निर्णय होतो त्या पातळीपर्यंत पोहोचावे लागते. नाहीतर जनसुनवाई म्हणजे मनातली मळमळ ओकण्याची जागा होऊन बसते.

जे आलेच नाहीत

आज मत विचारण्याची साधने वाढली आहेत. केंद्र सरकारच्या ‘मेरा अस्पताल’ या २०१६पासूनच्या व्यवस्थेत रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाला मोबाइलवर अभिप्राय विचारतात. ही सोय चांगलीच आहे. पण तिच्या रचनेतच एक उणीव आहे. जो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, त्याला संदेश जात नाही. वाहन नव्हते म्हणून घरीच राहिलेली बाळंतीण, रोज बुडेल म्हणून खोकला अंगावर काढणारा मजूर, मागच्या वेळी कोणीतरी खेकसले म्हणून न फिरकलेली म्हातारी, यांचे मत या मोजणीत नाही. आणि आरोग्यधोरणाला सर्वांत जास्त गरज आहे ती याच मतांची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत यावरचा एक प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यात का जात नाही, असे त्यात घरोघर विचारतात. जवळ नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी नसतात, फार थांबावे लागते, उपचार चांगले नाहीत, अशी उत्तरे नोंदवली जातात. ही यादी लक्षपूर्वक वाचली तर धोरणाची दिशा तिच्यात दिसते. मुंबईतल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत रात्री दहापर्यंत तपासणी ठेवली गेली, ती वेळेच्या अडचणीवरचा उपाय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार नि:शुल्क झाले, तो पैशाच्या अडचणीवरचा. पण केसपेपर फुकट झाला आणि औषधाची चिठ्ठी बाहेरची मिळाली, तर घरचा खर्च किती कमी झाला, हे रुग्णालाच विचारावे लागेल. शासननिर्णयात ते सापडणार नाही.

म्हणून ‘तक्रार आहे का?’ या प्रश्नाऐवजी दुसरे प्रश्न विचारायला हवेत. घरात शेवटचे आजारी कोण पडले? पहिल्यांदा कुठे नेले, आणि तिथेच का? किती दिवसांनी नेले? किती खर्च आला आणि तो पैसा कुठून आणला? सोबत गेलेल्याचा रोज बुडाला का? पुन्हा तिथेच जाल का? या प्रश्नांना ‘बरं चाललंय’ असे उत्तर देता येत नाही. सांगणारी बाई आधी आठवू लागते, मग बोटांवर हिशेब करते, मग आतून सासूला हाक मारून विचारते, ‘कर्ज काढलं ते किती होतं हो आपलं?’