आठवे यंत्र

परवा रात्री साडेअकरा वाजता आमच्या कन्येने चहा मागितला, तेव्हाच मी ओळखले की आज काहीतरी ‘चढवायचे’ आहे. ती संगणकाच्या व्यवसायात आहे. नवा प्रोग्राम सर्व्हरवर नेऊन चालू करणे याला तिकडे ‘डिप्लॉय’ करणे म्हणतात. मी त्याला ‘प्रस्थापना’ हा शब्द सुचवून पाहिला. तो घरातदेखील प्रस्थापित झाला नाही.

सर्व्हर म्हणजे हल्ली स्वतंत्र यंत्रच असते असे नाही, बरे का! वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे, चूल निराळी. तसे एका मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक सर्व्हर थाटतात. २००६ साली ॲमेझॉनने अशी बिऱ्हाडे तासाच्या भाड्याने देऊ केली. जागा स्वस्त झाली, तशी एकाच कामाला चार-आठ बिऱ्हाडे लागू लागली. आणि नवे सामान त्या प्रत्येकात पोचवायचे, म्हणजे एखादे दार राहून जाण्याची भीती आलीच.

“राहिले एखादे, तर काय बिघडते?” मी विचारले.

“बाबा, तुम्हांला नाइट कॅपिटलची गोष्ट ठाऊक नाही!”

ही अमेरिकेतील शेअरबाजाराची पेढी. २०१२ च्या जुलैअखेर तिने आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढविला. तंत्रज्ञाने सात केले, आठवा राहिला. दुसऱ्या कोणी तपासण्याची पद्धत नव्हती. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना प्रोग्राम निजून होता, आणि नव्याने नेमका त्याचाच खटका वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच म्हातारा जागा झाला व खरेदी-विक्री करीत सुटला. घाबरलेल्या मंडळींनी उरलेल्या सातांवरूनही नवा प्रोग्राम काढला, तेव्हा जुना तेथेही उठला! पंचेचाळीस मिनिटांत सुमारे ४६ कोटी डॉलर बुडाले. बाजार उघडण्यापूर्वी इशाऱ्याच्या ९७ ई-मेल येऊन पडल्या होत्या, त्यांकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

मला मात्र ते घाबरणे समजते. परीक्षेच्या निकालपत्रकात चूक सापडली की आम्हीही बरोबर असलेलेच खोडतो.

यावरची एक युक्ती मला फार आवडली. कॅपिस्ट्रानो नावाचे साधन नवी आवृत्ती जुन्यावर ओतीत नाही. प्रत्येक आवृत्तीला तारीख-वेळेच्या नावाची निराळी खोली देते. सगळे सामान लागले, की ‘चालू’ अशी पाटी नव्या खोलीकडे वळवायची. बिघडले तर पाटी पुन्हा मागे! जुनी खोली जशीच्या तशी असते. ॲन्सिबलची तऱ्हा वेगळी : सर्व्हरांची यादी आणि प्रत्येकावर काय असावे हे लिहून द्यायचे, ते स्वतः दारोदार जाते आणि कोठे काम अडले ते सांगते. डॉकर तर प्रोग्रामबरोबर त्याला लागणारे मीठ-मसालेही एकाच डब्यात भरून पाठवतो. तो २०१३ चा. आता सर्वत्र आहे म्हणतात.

बारा वाजून गेले. पडद्यावर सगळे सुरळीत झाल्याची अक्षरे आली. तरी कन्या म्हणाली, “बाबा, जरा वही घ्या.” चार सर्व्हरांची नावे व आवृत्तीचे आकडे ती वाचू लागली, मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत खुणा करू लागलो. चौथी खूण होईपर्यंत चहा पार निवला होता.