काटापट्टी हातात पडली, नोंद डिस्कवर पडली का?

दिवाळीनंतर हिंगणघाटच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन संगणकात जातं. समजा, तिथली पीएचपीची छोटी स्क्रिप्ट ती नोंद फाइलमध्ये लिहिते आणि शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी येते. त्याच क्षणी लाईन गेली आणि मशीनही बंद पडलं, तर नोंद उरेल का?

बहुतेक जण सांगतात, ‘एफफ्लश केलंय, म्हणजे डिस्कवर गेलंच.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. एफफ्लश नोंद पीएचपीच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतं, एवढंच. तिथून पुढे ती काही काळ रॅममध्येच असते. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत साधारण ३० सेकंद जुनी झालेली नोंद डिस्कवर उतरवायला घेतली जाते. तेवढ्यात वीज गेली तर रॅममधलं सगळं जातं. फाइल बंद केली तरी फरक पडत नाही. एफक्लोजही डिस्कची वाट पाहत नाही.

उलटा गैरसमजही तितकाच रूढ आहे: प्रत्येक एफराइटनंतर एफफ्लश नसेल तर स्क्रिप्ट अर्ध्यात कोसळल्यावर लिहिलेलं जाईल. सी भाषेत ही भीती खरी आहे, तिथे लायब्ररी स्वतःकडे साठा करून ठेवते. पीएचपीत साध्या फाइलला लिहिलेलं थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातं. स्क्रिप्ट मेली, मशीन चालू राहिलं, तर नोंद शाबूत. मधे फिल्टर लावला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण फिल्टर डेटा धरून ठेवू शकतो.

फ्लश आणि एफफ्लश या नावांचा घोळही नेहमीचा. फ्लश ब्राउझरकडे जाणारा मजकूर पुढे ढकलतं. तुमच्या फाइलशी त्याचा काही संबंध नाही.

डिस्कपर्यंत नोंद नेणारं फंक्शन आहे एफसिंक. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या पीएचपी ८.१ पासून उपलब्ध आहे. डिस्क ‘झालं’ म्हणेपर्यंत ते थांबतं, म्हणून हळू आहे. पण एका गाडीच्या वजनाला मिनिटं लागतात, तिथे काही मिलिसेकंदांची तक्रार कशाला? त्याने परत केलेलं उत्तर मात्र तपासायलाच हवं. ते खोटं आलं, तर पट्टी छापायची नाही. काही डिस्का स्वतःच्या कॅशमध्ये ठेवूनच ‘झालं’ म्हणतात, म्हणून काट्याच्या खोलीत यूपीएस हवाच.

पीएचपी ८.१ पेक्षा जुनं असेल, तर फाइल सोडून नोंद एसक्यूलाइटमध्ये ठेवावी. व्यवहार पक्का करताना डिस्कपर्यंत पोहोचवण्याचं काम ते मूळ मांडणीत स्वतःच करतं.