गोळी सुटल्यानंतर कायदा काय सांगतो?

पोलिसांची गोळी कुठेही सुटो, नियम एकच.

• पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास एफआयआर, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी बंधनकारक (सर्वोच्च न्यायालय, पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र, २०१४).

• मुंबईच्या वर्सोव्यात २००६ मध्ये रामनारायण गुप्ता यांना ‘चकमकीत’ ठार केले गेले. चकमक बनावट ठरली. पोलिसांची जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम केली.

• पण केंद्रीय सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोग केंद्राकडून फक्त अहवाल मागवून शिफारस करू शकतो (मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३, कलम १९).

• मणिपूरमधील कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले : लष्करालाही सरसकट अभय नाही.

गणवेश केंद्राचा म्हणून चौकशी सौम्य, हा भेद अन्यायकारक आहे. कलम १९ बदलायलाच हवे.