रडीचा डाव नक्की कोणाचा?

जोहान्सबर्ग, 2 जुलै 2010. घाना आणि उरुग्वे 1-1 बरोबरीत, जादा वेळेचेही शेवटचे क्षण. अदियियाचा हेडर गोलात शिरणार एवढ्यात गोलरेषेवर उभ्या लुईस सुआरेझनं चेंडू हातांनी बाहेर ढकलला. त्याला रेड कार्ड, घानाला पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांडीला लागून वर उडाला आणि मैदानातून बाहेर निघालेला सुआरेझ तिथेच उड्या मारू लागला. शूटआउटमध्ये उरुग्वे 4-2 नं जिंकला. विश्वचषकाची उपांत्य फेरी तोवर एकाही आफ्रिकी संघानं पाहिली नव्हती.

त्या रात्रीपासून फुटबॉलमधल्या लबाडीचा विषय निघाला की सुआरेझचं नाव आधी येतं. माझ्या मते हाच पहिला गैरसमज. फसवायचं म्हणजे काहीतरी लपवावं लागतं, आणि सुआरेझनं काहीच लपवलं नाही. रेफ्रीनं पाहिलं, ऐंशी हजारांहून जास्त प्रेक्षकांनी पाहिलं. नियमात होती तेवढी शिक्षा त्याला पुरेपूर मिळाली. उपांत्य सामन्याला तो मुकला, आणि तो सामना उरुग्वे नेदरलँड्सकडून 3-2 नं हरला. त्याचं कृत्य खिलाडूपणाचं होतं असं मी म्हणत नाही. त्यानं नियम मोडला आणि त्याची किंमत मोजली, इतकंच.

घानाची खरी तक्रार नियमाशी असायला हवी. हक्काचा गोल गेला आणि बदल्यात मिळाली फक्त गोलची संधी. रग्बीत असा प्रकार झाला तर रेफ्री थेट ‘पेनल्टी ट्राय’ देऊन गुण बहाल करतो. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही.

‘पूर्वीचे खेळाडू सज्जन होते, हे सगळं पैशानं आणलं,’ हे वाक्य तर प्रत्येक पिढी म्हणते. 1891 च्या फेब्रुवारीत एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्टोकचा चेंडू गोलात जाताना नॉट्स काउंटीच्या बचावपटूनं तो हातानं अडवला. म्हणजे सुआरेझच, 119 वर्षं आधीचा. तेव्हा पेनल्टी हा प्रकारच नव्हता. स्टोकला अगदी गोलजवळून फ्री किक मिळाली, पण समोर गोलकीपर चेंडूला जवळजवळ चिकटून उभा! गोल झाला नाही आणि नॉट्स काउंटी 1-0 नं जिंकले. पेनल्टीची कल्पना आयर्लंडच्या विल्यम मॅक्रमनं त्याआधीच मांडली होती. तिची बरीच टिंगलही झाली होती. या सामन्यानंतर वारं फिरलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेनल्टी नियमात आली. गंमत अशी की काही हौशी सज्जनांना तो अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम पाय घालून पाडेल असं नियमानं गृहीत धरावंच कसं, असा सी. बी. फ्रायसारख्यांचा आक्षेप होता.

आता मॅराडोना. 22 जून 1986, अझ्टेका स्टेडियम, समोर इंग्लंड. पीटर शिल्टनच्या डोक्यावरून चेंडू त्यानं डाव्या मुठीनं गोलात ढकलला आणि सरळ जल्लोष करत पळाला. ट्युनिशियाचे रेफ्री अली बिन नासर यांच्या ते लक्षात आलं नाही. गोल कायम, कार्ड नाही, सामना 2-1 नं खिशात. फसवणूक ती ही. तरी वर्ल्डकप आला की कोल्हापूरच्या पेठांत अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागतात आणि त्या गोलाची गोष्ट आपण कौतुकानंच सांगतो. (चार मिनिटांनी त्यानं निम्मा इंग्लंड संघ चकवून जो गोल केला, त्याचं हे पुण्य असावं.) गल्लीत मात्र आपण इतके उदार नसतो. तिथे ‘रडीचा डाव खडी’ म्हणून मोकळे होतो.

मैदानात लोळणाऱ्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, हा खेळाचाच भाग आहे. दोन, याला शिक्षाच नाही. दोन्ही चूक. दुखापतीचं सोंग करणं किंवा फाऊल झाल्याचा आव आणणं याला नियम 12 प्रमाणे यलो कार्ड आहे. 2002 मध्ये तुर्कस्तानच्या हाकान उन्सालनं मारलेला चेंडू ब्राझीलच्या रिव्हाल्डोच्या मांडीला लागला, आणि रिव्हाल्डो तोंड धरून कोसळला. उन्सालला दुसरं यलो कार्ड मिळून तो बाहेर गेला. फिफानं नंतर रिव्हाल्डोला दंड केला, पण सामनाबंदी घातली नाही. शिक्षा आहे, ती धाक बसेल एवढी नाही, हे म्हणणं मात्र मला पटतं.

जखमी खेळाडूसाठी प्रतिस्पर्ध्यानं चेंडू बाहेर मारला तर तो त्यांना परत द्यायचा, असा नियम असल्याचं अनेकांना वाटतं. तो निव्वळ शिरस्ता आहे. 1999 च्या फेब्रुवारीत आर्सेनलच्या कानूनं शेफील्ड युनायटेडला परत जाणारा चेंडू पळवला आणि त्यावर ओव्हरमार्सनं गोल केला. नियमानं तो गोल वैध होता. तरी व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली. दहा दिवसांनी तो खेळला गेला आणि आर्सेनलच पुन्हा 2-1 नं जिंकले.

‘व्हीएआर आल्यापासून लबाडी संपली,’ हेही अर्धसत्य. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड असल्या मोठ्या निर्णयांसाठीच तो मुळात आणला. आजचा मॅराडोना त्यात सापडेल. थ्रो-इनला चेंडू पुसत बसणारा सापडणार नाही, त्याला रेफ्रीच हवा.

घाना आणि उरुग्वे पुन्हा समोरासमोर आले ते 2 डिसेंबर 2022 ला, कतारमध्ये. आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारलं, तेव्हा सुआरेझनं माफी मागायला नकार दिला. पेनल्टी मी चुकवली नव्हती, असं त्याचं म्हणणं. सामन्यात घानाला पेनल्टी मिळाली, आंद्रे आयूनं ती चुकवली आणि उरुग्वे 2-0 नं जिंकले. पण दुसऱ्या मैदानावर कोरियानं पोर्तुगालला हरवलं आणि उरुग्वेला आणखी एक गोल हवा झाला. तो होऊ नये म्हणून घानाचे खेळाडू, स्वतः बाहेर पडणार हे माहीत असूनही, जीव तोडून बचाव करत राहिले. बाकावर सुआरेझ जर्सीत तोंड खुपसून रडत होता. शिट्टी वाजली, दोन्ही संघ बाहेर, आणि घानाचे प्रेक्षक नाचत होते.