गावाची पुस्तके आणि वस्तीची स्मृती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी तेथील शब्दपरंपरा प्राचीन आहे. हिंगोलीजवळचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ मध्ये सिद्ध झाले. ही पदे दूर पंजाबात टिकली, कारण तेथील समाजाने ती लिहून जतन केली. जे लिहिले जाते तेच पुढच्या पिढीच्या हाती पोहोचते. प्रादेशिक पुस्तकांचे मोल आम्ही याच दृष्टीने जाणतो.

गावाचा इतिहास, नदी-शिवाराचे वर्णन, कवितासंग्रह, आत्मकथन ही वरकरणी भिन्न दिसणारी पुस्तके वस्तुतः एकाच स्मृतीची अंगे होत. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीतील स्थानिक लेखनाला त्यामुळे पुरेसा आधार लाभला नाही. पुढे १९६७ मध्ये परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. आजच्या हिंगोलीचा भूभाग त्यातच येतो. मात्र अशा ग्रंथाची दृष्टी प्रशासनाची असते. वस्तीतील माणसाला पाणी कोठे भरता येत होते, हे नोंदविणे हे त्याचे प्रयोजन नव्हे.

ग्रामजीवनाचे अंतरंग कवितेने उघड केले. वसमत तालुक्यातील रिढोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपेरा’ (१९८९) या संग्रहात शेतकऱ्याच्या कष्टांतून निसर्ग प्रकटतो. कळमनुरी तालुक्यातील रूपूरचे कवी फ. मुं. शिंदे २०१४ च्या सासवड येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आमच्या वस्त्यांची स्मृती मात्र बहुतांशी मुखोद्गतच राहिली. पिठाची गिरणी आली, जाते थांबले, आणि ओव्याही मावळू लागल्या. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. हे कार्य झाले नसते तर कित्येक स्त्रियांचे काव्य त्यांच्याबरोबरच लोपले असते.

बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि नामदेवांचे समकालीन चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. उपेक्षितांची नावे ग्रंथावर कोरण्याचा हा संस्कार आम्ही विसरता कामा नये.

१९५६ चे धम्मदीक्षेचे वर्तमान गावात कसे पोहोचले, हे सांगणारे आता विरळ झाले आहेत. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. १९७८ मध्ये विशीत असलेले तरुण आज पासष्टी ओलांडून गेले आहेत.

म्हणून प्रत्येक विहाराने एक नोंदवही ठेवावी. त्यात ज्येष्ठांच्या आठवणी, ओव्या, कयाधू-पूर्णेच्या काठची शेतांची व पाणवठ्यांची नावे त्यांच्याच बोलीत उतरवावीत. ऐकीव आणि कागदाने सिद्ध असलेले वेगवेगळे लिहावे. सांगणाऱ्याचे वय व नोंदीची तारीख द्यावी. जुनी उर्दू वा मोडी कागदपत्रे जाणकारांकडून वाचवून घ्यावीत. अशा चार-दोन वह्यांतूनच उद्या गावाचे पुस्तक तयार होईल, आणि त्या पुस्तकात आमची वस्तीही असेल.